तोफखाना आजींचा नेम

वृद्धाश्रमातल्या त्या आजींना सगळे तोफखाना म्हणायचे. नेम असा, की चमचा भिरकावला तर उडत्या माशीच्या मिशा कापल्या जातील! सेविका खोलीत आली रे आली की मारा सुरू, एरवी गरीब गाय. वर्तनतज्ज्ञ बाईंनी आठवडाभराच्या नोंदी वाचल्या आणि म्हणाल्या, "लक्ष वेधून घ्यायला करतात."

"मग उद्याच वेगळ्या खोलीत हलवू," व्यवस्थापक म्हणाले. "कुणी बघायलाच नको."

तरी बाईंच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या आजींच्या खोलीत जाऊन बसल्या. शेजारच्या खाटेवरच्या मावशींना तपासणीला नेलं होतं. नवरा गेल्यापासून त्या बिचारीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. सेविका आली, ताट ठेवलं, पाठही फिरवली. चमचा जागचा हलला नाही.

"काय हो आजी, दारूगोळा संपला वाटतं?"

"घाई काय आहे? मावशीला येऊ दे की."

मावशी आल्या, खाटेवर टेकल्या. सेविका पुन्हा आली, त्यांचं ताट ठेवून वळली. सूंऽऽ करत चमचा गेला तो थेट सेविकेच्या पाठीत.

"अगं आई गं!" सेविका किंचाळली, आणि मावशी तोंडावर हात धरून खुदकन हसल्या.

"तुम्ही सगळे माझ्याकडेच बघत बसलात," आजी हळूच बाईंना म्हणाल्या. "तिच्याकडे कुणी बघितलंच नाही."

बाई व्यवस्थापकांकडे गेल्या.

"खोली तीच राहू द्या. चमच्याऐवजी आजींना कापसाचा चेंडू द्या. आणि सेविकेला सांगा, ओरडायचं मात्र तेवढ्याच जोरात."