परिशिष्टातला नंबर

सरकारी छापखान्याच्या प्रूफखोलीत दोघंच. म्हातारा वाचक मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, बाई छापील कागदावर पेन्सिल फिरवते. वाचणाऱ्यानं स्वल्पविरामसुद्धा उच्चारायचा, मजकुराबद्दल मात्र चकार शब्द काढायचा नाही, हा इथला नियम. संध्याकाळी राजपत्र निघालं की कायदा लागू.

“कोणत्याही न्यायालयाच्या निर्णयात काहीही असले तरी, स्वल्पविराम, परिशिष्टातील घरे पाडणे कायदेशीरच आहे असे मानण्यात येईल, पूर्णविराम.”

महिन्यापूर्वी कोर्टानं याच घरांची पाडापाडी बेकायदा ठरवली होती. तेव्हा कायदा शिकणाऱ्या लेकीनं म्हाताऱ्याला समजावलं होतं, की ब्रिटिशांकडे पार्लमेंट म्हणेल ती पूर्व दिशा, तिचा कायदा कोर्टाला मोडता येत नाही. आपल्याकडे संसदेच्याही डोक्यावर घटना बसलीय. त्यानं ते या खोलीत दहादा ऐकवलं होतं. परवा संसदेनं अकरा मिनिटांत हा कायदा करून कोर्टाचा निकाल गिळला आणि ढेकरही दिला नाही.

“मग हे काय ब्रिटिशांनी धाडलं?” बाई मान वर न करता म्हणाली.

तो परिशिष्टातले घरांचे नंबर वाचू लागला. एकशे ऐंशी. एकशे एक्क्याऐंशी. हे त्याचं स्वतःचं. बाईला ते ठाऊक होतं. तिची पेन्सिल अडली नाही म्हणून त्यानं वाकून पाहिलं. १८१ च्या जागी ११८ छापलं होतं.

“बाई, चुकलंय हे.”

“मला नाही दिसत, काका. मोतीबिंदू झालाय समजा.”

“एकशे अठरात कोण राहतं?”

“मला काय माहीत.”

“मलाही नाही.”

त्यानं तिच्या हातातली पेन्सिल घेतली, नंबर खोडला आणि समासात सुवाच्य अक्षरात आपला लिहिला.

बाई भडकली. एवढा शहाणपणा आहे, तर लेक आता काय म्हणते ते तरी सांगा, म्हणाली.

“म्हणते, घटनेपुढे हा कायदा टिकणार नाही. कोर्ट रद्द करील.”

“कधी?”

“तीन-चार वर्षांत.”

पाडणारी यंत्रं सोमवारी यायची होती.

त्यानं पेन्सिल परत दिली आणि पुढचा नंबर वाचला. एकशे ब्याऐंशी. त्याच्या धाकट्या भावाचं घर.

तो बरोबर छापला होता.