गोळीचा गुण

गोळी गिळून शर्वाणी सोफ्यावर बसली आणि तिने मनगटावर बोट ठेवलं. कशातच लक्ष टिकत नाही म्हणून डॉक्टरांनी ती दिली होती. सुरुवातीला थोडं धडधडेल, असंही सांगितलं होतं. थोडं म्हणजे किती, हे विचारायचं ती विसरली होती.

तासाभराने ती किंचाळली, "हेरंब, मी चालले!"

नवऱ्याने धावत येऊन डॉक्टरांना फोन लावला, तिचे ठोके मोजले. "काही झालेलं नाही, नुसती धास्ती आहे. पण तू तासभर करत काय होतीस?"

"ठोके मोजत होते."

"सलग? मध्ये मोबाइल नाही, की अर्धवट भांडी घासणं नाही?"

शर्वाणी चमकली. जन्मात पहिल्यांदा तिने हातातलं काम सोडलं नव्हतं. तिचा चेहरा खुलला.

"गप्प बस," पुन्हा मनगट धरत ती म्हणाली, "माझा आकडा चुकतोय."