तिसरी पायरी

"पुस्तक मीट. डोळेही मीट. आता चाल," आबा म्हणाले.

कामिनीने डोळे मिटले. देवपुरातल्या आपल्याच घराच्या माडीवर ती साखरपुडा ठरल्यापासून अडकून पडली होती. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा नाद सोड, असे वडिलांनी, योगेंद्ररावांनी, बजावले होते. परीक्षा रविवारी दुपारी, जळगावला. तोवर हिला खाली उतरू द्यायचे नाही, असे सांगून त्यांनी आबांच्या उशाशी, ती जिन्याकडे वळली तर वाजवायला, पितळी घंटा ठेवली होती. खुब्याचे हाड मोडल्यापासून आबा माडीवरच्या खाटेवरून उठत नसत. कान मात्र तिखट होते.

संस्कृताच्या अध्यापनात आयुष्य वेचलेले आजोबा आता तिचे पहारेकरी झाले होते. तरी अभ्यास रोज घेत. पाठ करायचे ते घरातल्या एकेका जागी मनाने ठेवायचे आणि त्याच वाटेने चालत आठवायचे, ही त्यांची रीत. जागांचा क्रमही त्यांचाच.

"माडीच्या दारात?"

"पेशीभित्तिका."

"जिन्यात?"

"पहिल्या पायरीवर केंद्रक, दुसरीवर हरितलवक, तिसरीवर..."

"तिसरी ओलांडायची. ती करकरते. तिच्यावर विद्या टिकत नाही."

मागच्या दाराच्या कडीपाशी ती अडखळली, तेव्हा आबांनी तिला पुन्हा माडीपासून चालायला लावले. कडी आधी उचलायची, मग सरकवायची, हेही म्हणून घेतले. शेवटची जागा गल्लीच्या तोंडाशी, निंबाखाली. ती तर घराबाहेर आहे, असे कामिनीने म्हणून पाहिले. परीक्षाच द्यायची नाही तर हा छळ कशाला, असेही विचारले. आबांनी कूस बदलायचे निमित्त करून खाली हाक मारली.

कूस बदलून द्यायला त्यांचा जुना विद्यार्थी झुलाल रिक्षावाला रोज येई. आजही वर येऊन औषधाची बाटली उशाशी ठेवत तो अहिराणीत म्हणाला, "बठ्ठं ठीक शे, आबा." सगळे ठीक आहे, एवढेच.

रविवारी सकाळी आई बस्त्यासाठी शिरपूरला गेलेली. योगेंद्रराव खाली बैठकीत पूजेला बसले. एकदा बसले की आरतीपर्यंत आसन सोडायचे नाही, हा त्यांचा नेम. तो मोडणार होता केवळ माडीवरच्या घंटेसाठी.

"चाल," आबा म्हणाले.

कामिनी डोळे मिटून माडीपासून निंबापर्यंत एकदाही न चुकता गेली. डोळे उघडले, तो आबांचा हात घंटेवर. आबांनी घंटा उचलून हलवली. आवाज झाला नाही. आतला लोलक काढलेला होता.

"आता हेच डोळे उघडे ठेवून," ते हलकेच म्हणाले. "प्रवेशपत्र झुलालपाशी आहे, तो निंबाखाली थांबलाय. आणि पोरी, तिसरी पायरी ओलांड."