बारा नंबरच्या व्हिलाचं कार्ड

नाश्त्याच्या टेबलावर जोमारने इरेशापुढे कॉफी ठेवली आणि रुवनचं डोकं सटकलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्याची बायको चहा प्यायची, तीन चमचे साखर घालून. तिच्या कार्डावर त्याने स्वतःच्या हाताने तसं लिहिलं होतं.

या रिसॉर्टच्या बेटावर प्रत्येक पाहुण्याचं कार्ड असतं. त्याला काय आवडतं, काय खपत नाही, हे बटलरने हेरून त्यावर लिहायचं आणि मागायच्या आत पुढे हजर करायचं. त्यात रुवनचा हात धरणारा मालदीवभर कुणी नव्हता, निदान त्याचं स्वतःचं मत तसं होतं. तीन वर्षांच्या नोकरीनंतर बायकोला चार दिवस बारा नंबरच्या व्हिलात पाहुणी म्हणून आणायची सवलत मिळाली, तेव्हा ती श्रीलंकेतल्या माताऱ्याहून, घरून, निघायच्या आधीच त्याने तिचं कार्ड भरून टाकलं. पण त्या चार दिवसांत तोही पाहुणा. कामाला हात लावायचा नाही. बटलर म्हणून जोमारला नेमलं होतं.

एरवी जोमार त्याला ‘कुया’ म्हणायचा, म्हणजे त्यांच्या फिलिपिन्समधलं दादा. आता ‘साहेब’ म्हणत होता, तेही न हसता. त्याने इरेशाच्या उजव्या खांद्यामागे एक छोटी उशी सरकवली. तो काहीतरी बोलला, इरेशाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत उत्तर दिलं आणि ती खळखळून हसली. रुवन दाराशी हात मागे बांधून उभा होता. इतकं हसायला त्या फिलिपिनोने असं काय सांगितलं, ते त्याला कळेना.

जोमार ताटल्या घेऊन गेल्यावर त्याने विचारलं, “कॉफी कधीपासून प्यायला लागलीस?”

“झाली की पाचेक वर्षं.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तू दुबईहून यायचास, आता इथून येतोस, आणि आल्या आल्या हौसेने चहा करतोस. मग पिते.”

“मग त्याला कसं कळलं?”

“त्याने विचारलं,” इरेशा म्हणाली आणि समुद्राकडे बघू लागली.

बर्फ आणतो म्हणून रुवन मागच्या छोट्या खोलीत शिरला. तिथेच कपबश्यांच्या फळीला कार्ड टांगलेलं होतं. त्याच्या निळ्या सुबक अक्षरांवर जोमारने लाल शाईने काट मारली होती. एकूण एक ओळीवर. चहा खोडून कॉफी, बिनसाखरेची. ‘मासे जीव की प्राण’ खोडून ‘सकाळी मासे नकोत, वास सहन होत नाही’. ‘पाण्याची भीती’ खोडून ‘कालपासून पोहायला शिकताहेत, छान जमतंय’. खाली नवीन ओळ होती, ‘शिलाई मशीनवर बसून उजवा खांदा दुखतो, उशी द्यावी’.

रुवनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन त्याने घेऊन दिलं होतं. खांद्याचं मात्र त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्युनिकहून येणाऱ्या म्हाताऱ्या पाहुण्या बाईंना कुठल्या कुशीवर झोप लागते हे त्याला पाठ होतं, आणि त्याच्या बायकोचा खांदा दोन दिवसांत एका परक्याला ठाऊक झाला. जोमारचा इतका हेवा त्याला वाटला की बर्फाचं भांडं त्याने दाणकन खाली ठेवलं. दोरीला बांधलेलं पेन ओढून तो ते लाल अक्षर खोडायला निघाला, अगदी शेवटच्या ओळीपासून.

शेवटचा रकाना खास मागणीचा. तिथे त्याने ‘काही नाही’ लिहिलं होतं. तेही खोडलेलं होतं. जोमारने लिहिलं होतं, ‘साहेब बसत नाहीत. खुर्ची मांडली तरी दाराशी उभे राहतात. त्यांना माझ्याशेजारी बसवून द्याल का, असं बाई दोनदा म्हणाल्या.’

रुवनने ती ओळ पुन्हा वाचली. पेन त्याच्या हातातच राहिलं.

“रुवन,” बाहेरून इरेशाने हाक मारली, “काय करत बसलायस... म्हणजे, उभा राहिलायस तिथे?”