न साठवलेलं

घराचा नकाशा संध्याकाळपर्यंत आला नाही तर पुढची कामं दुसऱ्याला देईन, असं इंजिनिअरने तिला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर तिच्या नकाशांवरच चाललं होतं. कॉम्प्युटर मात्र एक रेघ उमटवायलाही जीव खात होता.

तिने जुन्या फायली उडवल्या, नको असलेले प्रोग्राम काढले, आतल्या पंख्यावरची धूळसुद्धा ब्रशने झाडली. काही फरक पडला नाही.

"एकदा बंद करून चालू कर ना," नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला. तो कांदा चिरत होता.

ती बंद करायला गेली तर स्क्रीनवर सूचना आली. 'या कॉम्प्युटरवर आणखी कोणीतरी आहे. बंद केल्यास त्यांचं न साठवलेलं सगळं पुसलं जाईल. तरीही बंद करायचं?'

"अरे, तू यात काही उघडून ठेवलंयस का?"

"मी कशाला हात लावतोय त्याला? कर बंद आणि मोकळी हो. तुझं होईपर्यंत मी आपल्या दोघांना..."

तिने 'हो' दाबलं.

कॉम्प्युटर लगेच सुरू झाला. नकाशा डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला. तिला रडूच फुटलं. त्याला सांगायला ती धावत आत गेली.

ओट्यावर अर्धा चिरलेला कांदा होता. मागच्या दाराला आतून कडी होती.

हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारायची तेच तिला आठवेना.