चांगली भिंत

आई होती तोवर चुलीला धुराडं बसवायचा विषय निघाला, की बाबा एकच म्हणायचे, "चांगल्या भिंतीला भोक कशाला? खिडकी आहे की!" आई खोकत खोकत हसायची आणि पुन्हा चूल फुंकायला बसायची. शेवटी त्या खोकल्यानंच तिला नेलं.

आज लेकीनं चुलीमागच्या भिंतीवर खिळा ठोकून आईचा फोटो लावला. बाबा लगबगीनं पुढे आले.

"अगं, इथे नको! धुरानं चार दिवसांत काळा पडेल."

लेकीनं फोटो काढून त्यांच्या हातात दिला, छिन्नी उचलली आणि त्याच भिंतीला लावली.



"धुराडं बसेपर्यंत तरी सांभाळा तिला."