जावईबापूंचं खेळणं

सासऱ्यांची जीप गॅरेजात पडली होती, म्हणून त्यांची बोट पाण्यात उतरवायचा मान नाइलाजाने जावयाच्या इलेक्ट्रिक गाडीला मिळाला. वर्षभर टोमणे खाल्लेल्या जावयासाठी हा अब्रूचा प्रश्न होता.

"जावईबापू, तुमचं हे खेळणं वाटेत बसलं, तर ढकलायला मी उतरणार नाही हं," असं बजावून सासरे घरापासून धक्क्यापर्यंत चार्जिंगच्या आकड्यावर डोळे रोखून होते. आकडा काही त्यांना हवा तसा घसरला नाही.

धक्क्याच्या निसरड्या उतारावर गाडीने बोट ठेवलेला ट्रेलर इतका अलगद मागे नेला, की बोट तरंगायला लागली तरी सासरे "सावकाश, सावकाश!" ओरडतच होते. नाक मुरडायला काहीच उरलं नाही, तेव्हा ते बोटीत चढले. "आता बघा, खरं इंजिन कसं असतं!" म्हणत त्यांनी इंजिन सुरू करायची दोरी ओढली. पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी ओढली. तोवर बोट वाऱ्याने काठापासून चांगलीच लांब गेली होती.



जावयाने काठावरून अदबीने विचारलं, "बाबा, बोटीचं पेट्रोल तुम्ही जीपबरोबरच पंपावर भरून घेता ना? आज आपल्याला पंपावर थांबावंच लागलं नाही हो... ढकलायला येऊ?"